यादी आपल्या हातची
महिला मिलनच्या वाटचालीतलं रुळाकाठचं पर्व

स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचं माझ्याकडे आलं, तेव्हा आधी ऑफिसातलं कपाट उघडलं. ठरावांच्या आणि अहवालांच्या फायली थोड्याच निघाल्या. वह्या मात्र गठ्ठ्यांनी. लांबट, पुठ्ठ्याच्या, सुतळीने बांधलेल्या. आत हाताने रेघा मारून केलेले रकाने: झोपडीचा नंबर, घरात माणसं किती, कधीपासून राहतात, कामाला कुठे जातात, पाणी कुठून आणतात, रुळापासून किती फूट. काही पानांवर पाणी पडून शाई पसरली आहे, एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बायकांनी विचारलं आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनी लिहिलं, म्हणून एकाच वहीत चार-चार अक्षरं दिसतात. आपल्या संस्थेने जे काही मिळवलं ते या वह्यांच्या जोरावर मिळवलं, आणि जिथे आपण कमी पडलो तिथे वहीतलाच एखादा रकाना कोरा राहिला होता. म्हणून हा इतिहास वह्यांच्या मागे मागे जात सांगते.

सुरुवात मात्र वहीच्या आधीची आहे, मानखुर्दच्या जनता कॉलनीची. कोलार गोल्ड फील्ड्सहून १९६३ साली मुंबईत आलेला जोकिन अर्पुथम नावाचा तरुण तिथे राहायचा. वस्तीतला कचरा पालिका उचलत नाही म्हणून त्याने पोरांच्या हातात थोडा थोडा कचरा दिला आणि ती मिरवणूक पालिकेच्या दारात नेऊन रिकामी केली. जोकिनभाईंची ही गोष्ट आपल्यातल्या जुन्या मंडळींना पाठ आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९७४ साली नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन उभं राहिलं. भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारची ही कॉलनी वाचवायला त्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, दिल्ली गाठली. तरी आणीबाणीत, १९७६च्या मे महिन्यात, जनता कॉलनी उठवली गेली आणि लोकांना चीता कॅम्पला नेऊन टाकलं. त्या पराभवातून जोकिनभाई एक गोष्ट शिकले आणि पुढे ती सगळ्यांना शिकवत राहिले: बुलडोझर आल्यावर गोळा होण्याला उशीर झालेला असतो. त्याच्या खूप आधी आपली माणसं, आपली घरं, आपली गरज आपल्याला मोजता यायला हवी.

दुसरा धागा भायखळ्याचा. १९८१च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने फुटपाथवरची माणसं उचलून आपापल्या गावी पाठवायला सुरुवात केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवर राहणारी काही माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केलं. पण नोटीस देऊन फुटपाथ मोकळे करायची मुभाही पालिकेला दिली. ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावायचा नाही, एवढीच सवलत. कायद्याच्या पुस्तकात तो निकाल मोठा ठरला. फुटपाथवरच्या बाईला त्यातून साडेतीन-पावणेचार महिने मिळाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमधलं काम सोडून शीला पटेल आणि त्यांच्या मैत्रिणींनी ‘स्पार्क’ ही संस्था काढली होती. ऑफिस म्हणजे भायखळ्याच्या पालिका दवाखान्याचं गॅरेज. फुटपाथवरच्या बायका तिथे येऊन बसायच्या, लेकरं तिथेच झोपायची. निकालानंतर सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आता काय? गाड्या आल्यावर दगड मारायचे, की आणखी एक मोर्चा? उत्तर निघालं ते तेव्हा अनेकांना बिनकामाचं वाटलं असेल. आपण आपली मोजणी करू. ई वॉर्डातल्या आणि मोठ्या रस्त्यांवरच्या सुमारे ६,००० कुटुंबांची, जवळपास २७,००० माणसांची नोंद झाली आणि १९८५ सालीच तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोक फुटपाथवर का राहतात, याचं साधं उत्तर त्यात होतं: कामावर चालत जाता येतं म्हणून. बस-लोकलच्या पासाला जे पैसे जातील त्यातच त्यांच्या घरची चूल पेटत होती. शहराच्या वाहतुकीचा आणि घरांचा प्रश्न एकच आहे, हे आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. नंतर त्याची दोन खाती झाली, दोन मंत्री झाले, दोन इमारती झाल्या, ते वेगळं.

धास्ती होती तशी सरसकट तोडफोड झाली नाही. मोजणीच्या निमित्ताने एकमेकींची ओळख झालेल्या बायकांनी १९८६ मध्ये स्वतःची संघटना उभी केली. तिचं नाव महिला मिलन. फेडरेशन, स्पार्क आणि महिला मिलन या तिघांची सोबत तेव्हा जुळली ती आजही आहे.

पहिल्या वर्षांत आम्ही काय केलं हे आज सांगितलं तर फार लहान वाटेल. रेशनकार्ड काढायला शिकलो. नवऱ्याला किंवा पोराला चौकीत नेलं तर एकटीने रडत न जाता पंधरा-वीस जणींनी मिळून जायला शिकलो. आणि बचत. रोज एक बाई झोपडी-झोपडीला जाऊन रुपया, दोन रुपये, असतील तेवढे गोळा करायची. हिशेब लिहिता न येणाऱ्या बायकांनी रंगीत कागदांचे तुकडे वापरले. रकमेला रंग ठरलेला, प्रत्येकीची पिशवी वेगळी. पैशापेक्षाही त्या रोजच्या फेरीचं मोल जास्त होतं. कुणाकडे चूल पेटली नाही, कुणाला ताप आहे, कोण मारझोड करतो, कोण नव्याने राहायला आलंय, हे सगळं त्या बाईला ठाऊक असायचं. सर्वेक्षण करणाऱ्या कुठल्याही कंपनीला ही माहिती विकत मिळणार नाही.

घराचा नकाशाही त्याच काळात काढला. खोली किती लांब असावी हे सांगायला फूटपट्टी कुणाकडे होती? अंगावरची साडी होती. साडी अंथरून लांबी-रुंदी ठरली. उंची चौदा फूट हवी असं ठरलं, म्हणजे पोटमाळा काढता येतो आणि सून-मुलगा वर झोपू शकतात. पुठ्ठ्याची, लाकडाची घरं करून प्रदर्शन भरवलं. इंजिनिअर आले, अधिकारी आले. फुटपाथवरच्या बाईने सरकारी साहेबाला घर आतून फिरवून दाखवायचं, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

आता रुळाकडे येते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना पुढच्या शतकात माणसं राहायला आली. गिरणीत, गोदीत, मंडईत काम करणारी, धुणीभांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी. रुळाकाठची जागा रेल्वेची, म्हणजे केंद्र सरकारची. त्यामुळे राज्य सरकारच्या झोपडपट्टी सुधारणा योजना तिथे लागू होत नव्हत्या. १९७६च्या झोपडपट्टी गणनेनंतर इतरांना मिळालेले फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची ओळखपत्रं, इथल्यांना नाहीत, नळ नाही, संडास नाही, वीज नाही. रेल्वे स्वतः काही देत नव्हती आणि दुसऱ्यांना देऊ द्यायला राजी नव्हती. पाण्यासाठी रूळ ओलांडायचा, संडासला रुळावर जायचं, पोरांनी शाळेत जाताना रूळ ओलांडायचा. आणि गाड्यांचं म्हणाल तर, झोपड्या इतक्या जवळ की मोटरमनला वेग उतरवावाच लागायचा. आतला प्रवासी घड्याळ बघून बाहेरच्या झोपड्यांवर चिडायचा. बाहेरची बाई भोंगा ऐकून पोराला आत ओढायची.

१९८८ साली राज्य सरकार आणि रेल्वेच्या सांगण्यावरून या वस्त्यांची गणना झाली. आम्ही आणि फेडरेशनने मिळून ती केली. मी या कामात नवी होते. मध्य, पश्चिम आणि हार्बर, तिन्ही मार्गांवर चालत गेलो. पुढची दारावर खडूने नंबर टाकायची, मागची विचारायची, तिसरी लिहायची, चौथी गाडीकडे लक्ष ठेवायची. ‘गाडी!’ अशी हाक आली की सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. सुमारे १८,००० कुटुंबांची नोंद झाली.

त्या गणनेतली एक गोष्ट तेव्हाच्या साहेब मंडळींना खरी वाटेना. आम्ही प्रत्येक दारात विचारत होतो, की दुसरीकडे पक्की, आपल्या नावाची जागा मिळाली तर इथून उठाल का? बहुतेकांचं उत्तर ‘आज उठतो’ असंच होतं. रुळाकाठी हौसेने कोण राहतं? पण ‘झोपडीवाले हटत नाहीत’ हे वाक्य शहरात इतकं घट्ट बसलं होतं की हटायला तयार असलेल्या माणसाला कुठे हटायचं ते कुणी सांगतच नव्हतं. मोजणी संपता संपता या वस्त्यांची मिळून रेल्वे स्लम ड्वेलर्स फेडरेशन ही संघटना झाली. चाळ समित्या झाल्या, गटागटाने बचत सुरू झाली.

पहिली कसोटी वर्षभरातच आली. मानखुर्दहून खाडी ओलांडून नव्या मुंबईकडे जाणारी लाइन टाकायची होती आणि वाटेत भारत नगरची १८१ कुटुंबं होती. १९८९ साली ही कुटुंबं मानखुर्दलाच थोड्या अंतरावर दिलेल्या जागेवर गेली. त्यांनी आपल्या झोपड्या आपल्या हाताने उतरवल्या. पत्रे, बांबू, दाराच्या चौकटी वाहून नेल्या आणि ‘जनकल्याण’ नावाने नवी वसाहत बांधली. पोलीस आणावे लागले नाहीत. जागा मोकळी होताच रेल्वेने ताबा घेतला. वाशीपर्यंतची गाडी ९ मे १९९२ रोजी सुरू झाली. आज त्या पुलावरून पनवेलला जाणाऱ्या लाखो माणसांत भारत नगरचं नाव माहीत असलेलं माणूस क्वचितच सापडेल, म्हणून ते इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

यानंतर इतर वस्त्याही लगेच हलतील असं आम्हाला वाटलं होतं. तसं झालं नाही. वर्षं गेली. वह्या जुन्या झाल्या, पोरांची लग्नं झाली, एका झोपडीच्या दोन झाल्या. आम्ही बचत गोळा करत राहिलो. दक्षिण आफ्रिकेतल्या झोपडीवासीयांशी १९९१पासून येणंजाणं सुरू झालं, तिथल्या बायका आपल्याकडे आल्या, आपल्या तिकडे गेल्या. जिने कधी आपल्या गावापलीकडचं गाव पाहिलं नव्हतं ती जोहान्सबर्गच्या वस्तीत उभी राहून घर कसं मोजायचं ते दाखवत होती. त्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

तिकडे लोकलची अवस्था अशी झाली होती की सुमारे १,७०० माणसांसाठी बांधलेल्या नऊ डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी ४,५००हून जास्त माणसं कोंबली जात होती. रेल्वेच्या भाषेत याला एक खास नाव पडलं, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. नवे रूळ टाकल्याशिवाय गाड्या वाढत नव्हत्या आणि झोपड्या हलल्याशिवाय रूळ टाकता येत नव्हते. जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प आखला जात होता, आणि बँकेची अट होती की ज्यांना हलवाल त्यांचं पुनर्वसन आधी ठरवा. त्यासाठी १९९५ साली राज्याचे माजी मुख्य सचिव डी. एम. सुखटणकर यांच्या अध्यक्षतेखाली कार्यदल नेमलं गेलं आणि त्यात वस्त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. त्याच्या शिफारशींवरून मार्च १९९७ मध्ये सरकारने या प्रकल्पापुरतं पुनर्वसन धोरण जाहीर केलं.

या धोरणातला एक मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. झोपडपट्टी पुनर्वसनात तेव्हा १ जानेवारी १९९५ ही तारीख होती. त्याआधीचा पुरावा असेल तर घर, नसेल तर काही नाही. या प्रकल्पात मात्र मूळ सर्वेक्षणात ज्याचं घर नोंदलं गेलं तो पात्र, असं ठरलं. म्हणजे कुणी किती जुना कागद दाखवतो यापेक्षा त्या दिवशी त्या दारात कोण राहत होतं याला महत्त्व आलं. प्रत्येक कुटुंबाला २२५ चौरस फुटांचं घर. रेल्वे आपल्या जागेवरच्या अतिक्रमणाला घर देत नाही, म्हणून ही जबाबदारी राज्य सरकारने घेतली. सूत्रं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आली. रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९ टक्के वाटा असलेलं मुंबई रेल्वे विकास महामंडळ जुलै १९९९ मध्ये स्थापन झालं. रुळाकाठचं सर्वेक्षण आणि स्थलांतराचं काम स्पार्ककडे, म्हणजे प्रत्यक्षात आपल्याकडे आणि फेडरेशनकडे आलं.

मग फेब्रुवारी २००० उजाडला. सगळं ठरलेलं असताना हार्बर लाइनवर रेल्वेने तोडफोड सुरू केली आणि ती थांबेपर्यंत २,०००हून जास्त झोपड्या गेल्या होत्या. ज्यांची नावं आम्ही स्वतः लिहिली होती, ज्यांना ‘थोडा धीर धरा, घर मिळणार आहे’ असं आम्ही सांगितलं होतं, ती माणसं ताडपत्री खाली अंथरून बसलेली बघावी लागली. एक मावशी मला म्हणाली, “तुझ्या वहीत माझं नाव आहे ना? मग ही वही त्यांना दाखव.” फेडरेशनने सरकारदरबारी धाव घेतली, तोडफोड थांबली. तुटलेल्या घरांची माणसं कोण, हा प्रश्न आला तेव्हा खरोखरच वही पुढे ठेवली. झोपडी उरली नव्हती, तिचा नंबर उरला होता.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं म्हणजे संस्थेच्या आयुष्यातली सर्वांत धावपळीची. पक्क्या इमारती तयार नव्हत्या आणि रूळ तर लगेच मोकळे हवे होते. म्हणून लोक आधी जेमतेम एका खोलीच्या ट्रान्झिट घरात जायला तयार झाले. कुठल्या भरवशावर? सरकारच्या शब्दाइतकाच भरवसा शेजारणीच्या शब्दावर होता, ती शेजारीण महिला मिलनची होती, आणि तीही त्याच टेम्पोतून जाणार होती.

स्थलांतराच्या दिवसाची पद्धत पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवायला हवी. आधी नकाशा आणि यादी वस्तीत भिंतीवर लावायची. कुणाचं नाव चुकलं, कुणाचं दोनदा आलं, कोण राहतच नाही आणि नाव मात्र आहे, हे सगळं लोकांसमोर, मोठ्या आवाजात. खोट्या नावाला शेजारीच हरकत घ्यायचे. मग साधारण पन्नास घरांचा एक गट, शक्यतो आधी जे शेजारी होते तेच. कुणाला कुठला मजला हे ठरवताना म्हातारी माणसं आणि अपंग यांना खालचा. टेम्पो ठरलेल्या वेळी. सामान उतरवून घेणारे तिकडे आधीच उभे. घर रिकामं झालं की मालकिणीनेच पहिला पत्रा काढायचा. ते कुणी शिकवलं नव्हतं. पण मी जिथे जिथे उभी होते तिथे तिथे बाईच पुढे झाली आणि पत्र्याला हात घातला. काहींनी दाराची चौकट सोबत नेली, जिचा नव्या घरात काही उपयोग नव्हता. झोपड्या उतरल्या की पाठोपाठ रेल्वे कुंपण घालायची, जागा पुन्हा भरू नये म्हणून.

मानखुर्द, कांजूरमार्ग आणि इतर ठिकाणी अशी माणसं गेली. २००२पर्यंत रुळाकाठची सुमारे ६०,००० माणसं लाठी न उचलता हलली. एवढं मोठं स्थलांतर जबरदस्तीशिवाय होऊ शकतं हे बघायला देशोदेशीची मंडळी आली. १८ जून २००२ रोजी जागतिक बँकेने प्रकल्पासाठी ५४.२ कोटी डॉलर मंजूर केले, म्हणजे आपलं काम बरंचसं कर्जाच्या आधीच झालेलं होतं. जोकिनभाईंना २००० साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पुढे २०११ मध्ये त्यांना आणि शीलाताईंना पद्मश्री. आनंद झालाच. पण त्या दिवसांत आम्ही इमारतींच्या सोसायट्या नोंदवायच्या गडबडीत होतो.

इथे थांबले असते तर हा इतिहास गोड झाला असता. पण स्मरणिकेत फक्त गोड छापायचं तर ती आपल्या वह्यांशी बेइमानी होईल.

प्रकल्पाचा दुसरा भाग रस्त्यांचा होता: जोगेश्वरी–विक्रोळी आणि सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ते. रुळाकाठी बहुतेक राहती घरं होती. कुर्ल्यातून जाणाऱ्या सांताक्रूझ–चेंबूर रस्त्यावर दुकानं होती. कारखानेवजा गाळे, पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइकं. झोपडीला २२५ चौरस फूट मिळाले तर ते जास्त होते. हजार-बाराशे फुटांच्या दुकानाला तेवढीच जागा मिळाली तर तो धंदा संपल्यातच जमा. शिवाय गिऱ्हाईक कुर्ल्यात आणि दुकान भलतीकडे. २००४ साली तिथल्या रहिवाशांच्या आणि दुकानदारांच्या संघटनांनी जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे एकामागून एक चार तक्रारी केल्या. डिसेंबर २००५च्या अहवालात पॅनेलने बँकेलाच दोष दिला. विस्थापितांचा आकडा आधी ८०,००० धरला होता, तो पुढे १,२०,०००पर्यंत गेला. रोजगाराचं काय होणार याचा अभ्यास तोकडा होता, तक्रार ऐकणारी यंत्रणा कमजोर होती. १ मार्च २००६ रोजी बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला. सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला.

आपल्यावरही तेव्हा टीका झाली. संस्थेत त्यावर खूप वाद झाले आणि आजही एकमत नाही. माझं मत मी इथे माझ्या जबाबदारीवर लिहिते. दुकानदारांचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या वहीत ‘कामाला कुठे जातात’ असा रकाना होता, पण हललं तर कामाचं काय होईल हा रकाना नव्हता. रुळाकाठच्या बाईला घर मिळालं की अर्धं जग मिळालं असं आपल्याला वाटायचं, कारण आपण स्वतः त्याच जागेवरून आलो होतो. ज्याचं दुकान हेच घर होतं, त्याची मोजणी वेगळी करायला हवी होती. सांताक्रूझ–चेंबूर रस्ता अखेर २०१४च्या एप्रिलमध्ये खुला झाला. वरून गाडीने जाताना कुर्ल्याची ती वस्ती खाली दिसते.

दुसरा कोरा रकाना इमारतींचा. जमीन विकत घेऊन घरं बांधायला सरकारकडे पैसा नव्हता, म्हणून बिल्डरने जमीन आणि इमारती द्यायच्या आणि बदल्यात त्याने दुसरीकडे बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, घ्यायचा, असा व्यवहार ठरला. जमीन जिथे स्वस्त तिथे इमारती उभ्या राहिल्या. म्हणून मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका. सगळं पूर्व उपनगरात एकवटलेलं आणि त्यातलं बरंच एम-पूर्व वॉर्डात, जिथे १९२७पासूनचं देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे आणि जो वॉर्ड २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला होता. सात-सात मजली इमारती इतक्या चिकटून की समोरच्या खिडकीतल्या कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या अभ्यासातून २०१८ मध्ये पुढे आलं, की उजेड आणि वारा न पोचणाऱ्या या घरांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे. चौदा फूट उंचीचा आग्रह धरणाऱ्या बायकांना दोन इमारतींतलं अंतर कुणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही ते विचारून घेतलं नाही. म्हाताऱ्यांना आम्ही मायेने खालचे मजले दिले होते, हे आठवलं की मला अजूनही झोप येत नाही.

लिफ्टचं वीजबिल, पंपाचं बिल, मेंटेनन्स, हे शब्द नव्याने शिकावे लागले. रुळाकाठी महिन्याला काही भरावं लागत नव्हतं. कित्येक इमारतींत लिफ्ट बंद पडली ती बंदच राहिली. जिथे महिला मिलनची रोजची बचतफेरी सुरू राहिली तिथे सोसायटी टिकली, असं माझं निरीक्षण आहे. भांडणं मिटवायला पोलीस आणि रहिवाशांनी मिळून चालवायच्या पोलीस पंचायती सुरू केल्या, तिथेही बायकाच पुढे. मुलींच्या शाळा सुटू नयेत म्हणून पहिलं वर्ष कित्येक आया पहाटे उठून लेकींना मानखुर्दहून जुन्या शाळेत लोकलने पोचवायच्या, त्याच रुळावरून.

आणि त्या रुळांचं काय झालं? बोरिवली–विरार जादा मार्ग २००७मध्ये सुरू झाला, त्याच वर्षीपासून नव्या बांधणीच्या गाड्या आल्या. नऊ डब्यांच्या बारा झाल्या. १९२५पासूनची १,५०० व्होल्ट डीसी वीज टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसी झाली आणि शेवटची डीसी लोकल हार्बरवर एप्रिल २०१६मध्ये धावली. ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. गर्दी काही हटली नाही. पण गाडी नसती वाढली तर काय झालं असतं याची कल्पना रोज लोंबकळत जाणाऱ्याला नक्कीच असेल.

१३ ऑक्टोबर २०१८ रोजी जोकिनभाई गेले. अंत्यदर्शनाला आलेल्या गर्दीत रुळाकाठचे आणि फुटपाथचे जुने चेहरे इतक्या वर्षांनी एकत्र दिसले. कोण कुठल्या नंबरचं, हे आम्ही एकमेकींना सांगत होतो.

कपाटातल्या वह्यांची आता क्रमवार मांडणी सुरू आहे. १९८८च्या गणनेच्या काही वह्या अजून सापडलेल्या नाहीत, विशेषतः हार्बर मार्गावरच्या. आपल्यापैकी कुणाच्या घरी पोटमाळ्यावर, ट्रंकेत, पलंगाखाली अशी वही असेल, स्थलांतराच्या दिवसाची पावती असेल, ट्रान्झिट घराचं ताबापत्र, सर्वेक्षणाचा नंबर लिहिलेला पत्र्याचा तुकडा किंवा झोपडी उतरवतानाचा फोटो असेल, तर कृपया टाकून देऊ नका. ऑफिसात आणून द्या. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. दाराच्या ज्या चौकटी सोबत नेल्या होत्या त्यांतल्या काही अजून आहेत असं ऐकते; त्याही बघायला यायचं आहे.